आकाशातून सागराची पाहणी

पुणे शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात, नांदे नावाचे गाव आहे. गावाच्या पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगा एकामागून एक उभ्या आहेत. येथून समुद्र दिसत नाही. त्याची गाजही कानी येत नाही. तथापि जून महिना उजाडला, की येथील शेतकऱ्याचे डोळे पश्चिमेकडे लागतात. सह्याद्रीच्या माथ्यावर काळे ढग दाटतात, पहिली सर कोसळते आणि राब भाजून तयार ठेवलेल्या जमिनीत भाताचे बी पडते. पुढे लावणी होते, खाचरे तुडुंब भरतात आणि मुळशी-मावळातील सुवासिक आंबेमोहोर डोलू लागतो.

हे पाणी आले कोठून? ते सह्याद्रीने निर्माण केले नाही. अरबी समुद्राच्या आणि त्याहून दूरच्या हिंदी महासागराच्या पाण्याची वाफ झाली, वाऱ्यांनी ती शेकडो कोस वाहून आणली आणि सह्याद्रीने तिला अडवून खाली उतरविले. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी समुद्र पाहिला नाही, त्याच्याही ताटातील भात समुद्राच्याच कृपेने पिकतो. अशा या सागराची प्रकृती आज कशी आहे, त्याचे पाणी ऊन आहे की थंड आहे, त्यावर वारे कोणत्या दिशेने वाहत आहेत, हे जाणून घेणे मनुष्याला अगत्याचे वाटले, तर त्यात नवल ते कोणते?

परंतु सागराची पाहणी करणे ही सोपी गोष्ट नव्हे. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याने व्यापला आहे. पूर्वीचे नाविक जहाजाच्या काठावरून बादली सोडून पाणी वर काढीत व त्यात तापमापक बुडवून उष्णता मोजीत. दोरीला शिशाचे वजन बांधून खोली पाहत. शिडाच्या फुगवट्यावरून आणि लाटांच्या उंचीवरून वाऱ्याचा जोर ठरवीत. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवही पाण्याचा रंग, पक्ष्यांचे थवे आणि वाऱ्याची दिशा पाहून मासळीचा ठाव घेत. हे ज्ञान अनुभवाचे व मोलाचे होते. पण ते डोळ्यांच्या टप्प्यापुरते होते.

पुढे १९५९ ते १९६५ या काळात अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन हिंदी महासागराची मोठी संशोधन मोहीम काढली. भारताने तीत भाग घेतला आणि त्या कार्यातूनच १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य केंद्र गोव्यात आहे. या मोहिमेने ज्ञानात मोठी भर घातली. तरीही जहाज ते जहाजच! तासाला वीस किलोमीटर जाणारे जहाज आपल्या वाटेवरचेच पाणी तपासणार. मुंगीने शेत ओलांडावे आणि सगळ्या पिकाची हकिकत सांगावी, तसाच तो प्रकार. शिवाय जेथे वादळ घोंघावत असते, किंवा जेथे बर्फाने समुद्र झाकलेला असतो, तेथे जहाज जाऊच शकत नाही. आणि नेमकी तेथलीच बातमी मनुष्याला हवी असते.

ही अडचण कृत्रिम उपग्रहांनी दूर केली. सागराची पाहणी करणारे अनेक उपग्रह पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांजवळून जाणाऱ्या मार्गाने फिरतात. भारताचे ‘ओशनसॅट’ मालिकेतील पहिले दोन उपग्रह जमिनीपासून ७२० किलोमीटर उंचीवरून फिरत. अशा उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी घालण्यास सुमारे शंभर मिनिटे लागतात. तो उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे जात असता खाली पृथ्वी आपल्या आसाभोवती फिरतच असते. त्यामुळे प्रत्येक फेरीत त्याच्या दृष्टीखाली नवा पट्टा येतो. अशा रीतीने या उपग्रहांची पृथ्वीवरील सर्व सागरांवरून दोन दिवसांत एक नजर फिरे. जहाजाला जे काम करण्यास वर्षे लागली असती, ते दोन दिवसांत होऊ लागले.

पण इतक्या उंचावरून, पाण्याला स्पर्श न करता, त्याची उष्णता कशी कळते? वारा कसा मोजता येतो? यालाच ‘दूरसंवेदन’ असे म्हणतात. वस्तूला हात न लावता, तिच्यापासून येणाऱ्या प्रकाशावरून किंवा अन्य लहरींवरून तिचे गुण ओळखणे म्हणजे दूरसंवेदन. नाव नवे असले, तरी ही कला मनुष्याला नवी नाही. भाकरी करणारी आई तव्यावर हात धरते आणि तवा तापला की नाही ते ओळखते. ती तव्याला शिवत नाही. लोहार भट्टीतील लोखंडाचा रंग पाहून घाव घालण्याची वेळ ठरवितो. शेतकरी बांधावर उभा राहतो आणि खाचराच्या कोणत्या कोपऱ्यात पीक पिवळे पडले आहे, ते सांगतो. उपग्रहावरील यंत्रे हेच करतात. फक्त ती अधिक दुरून, अधिक बारकाईने आणि न थकता करतात.

त्यांची पहिली रीत रंग पाहण्याची होय. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. जमिनीवरील झाडांप्रमाणे त्यांच्याही अंगी हरितद्रव्य असते. जेथे त्या विपुल असतात, तेथे निळ्या पाण्यावर हिरवी छटा येते. या वनस्पतींवर सूक्ष्म जीव जगतात, त्यांवर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे मासे. म्हणून हिरवी छटा म्हणजे सागरातील अन्नछत्राची खूणच म्हणावयाची. ओशनसॅट उपग्रहांवरील रंगमापक कॅमेरे ही छटा टिपतात.

दुसरी रीत उष्णता पाहण्याची. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेच्या मानाने अवरक्त किरण बाहेर टाकीत असते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु उपग्रहावरील यंत्र ते ओळखते आणि समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सांगते. ऊन आणि थंड पाणी जेथे एकमेकांस भिडते, तेथे मासळी गोळा होण्याचा संभव अधिक असतो.

रंग आणि उष्णता या दोन खुणांचा मेळ घालून हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांसाठी सूचना प्रसिद्ध करते. १९९९ साली स्थापन झालेले हे केंद्र किनाऱ्यापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर आणि किती खोल पाण्यात मासळी मिळण्याचा संभव आहे, ते सांगते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना ही सूचना मराठीतून मिळते. बांगडा आणि तारली शोधीत दर्यावर भटकण्यात जे डिझेल व्यर्थ जळते आणि जो वेळ वाया जातो, तो यामुळे वाचतो. गरीब कोळ्याच्या घरी या बचतीचे मोल फार मोठे असते.

मात्र या दोन्ही रीतींना एक मोठा अडसर आहे. आकाश ढगांनी झाकले, की कॅमेऱ्याला खालचे पाणी दिसत नाही. अवरक्त किरणही दाट ढगांतून वर येऊ शकत नाहीत. पावसाळ्यातील अरबी समुद्र तर ढगांच्या घोंगडीखालीच असतो. त्यासाठी शास्त्रज्ञांनी तिसरी रीत योजिली. ती सूक्ष्मलहरींची. या लहरी ढगांतून बऱ्याच अंशी आरपार जातात आणि त्यांना सूर्याच्या प्रकाशाचीही आवश्यकता नसते. दिवस असो वा रात्र, निरभ्र असो वा ढगाळ, त्यांचे काम चालूच राहते.

भारताने या रीतीचा प्रयोग फार लवकर केला. ७ जून १९७९ रोजी अंतराळात गेलेल्या ‘भास्कर’ या उपग्रहावर सागराकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजणारे यंत्र होते. प्राचीन भारतीय गणितज्ञाचे नाव धारण करणारा हा उपग्रह भारतात तयार झाला होता. त्याला वर नेणारा अग्निबाण मात्र सोव्हिएत रशियाचा होता. वीस वर्षांनी, २६ मे १९९९ रोजी, मुख्यतः सागराच्या अभ्यासासाठी तयार केलेला पहिला भारतीय उपग्रह ‘ओशनसॅट-१’ श्रीहरिकोटा येथून भारताच्याच अग्निबाणाने आकाशात गेला. त्यानंतर २३ सप्टेंबर २००९ रोजी ‘ओशनसॅट-२’, २६ सप्टेंबर २०१६ रोजी ‘स्कॅटसॅट-१’ आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘ओशनसॅट-३’ असे उपग्रह एकामागून एक गेले.

सूक्ष्मलहरींनी वारा कसा मोजतात, ते पाहण्याजोगे आहे. मुळशीच्या जलाशयावर वारा नसतो, तेव्हा पाणी आरशासारखे गुळगुळीत असते. झुळूक आली, की त्यावर बारीक तरंग उठतात व पाणी खरखरीत दिसू लागते. समुद्रावरही हेच घडते. उपग्रह वरून सूक्ष्मलहरी सोडतो. पाणी शांत असेल, तर त्या पुढच्या पुढे निसटून जातात. पाणी खरखरीत असेल, तर त्यांचा काही भाग उपग्रहाकडे परत येतो. किती लहरी परतल्या, हे निरनिराळ्या दिशांनी पाहिले, म्हणजे वाऱ्याचा वेग आणि दिशा ही दोन्ही कळतात.

या विद्येचा उपयोग किती, हे ३ जून २०२० रोजी महाराष्ट्राने अनुभवले. त्या दिवशी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या परिसरात, येऊन आदळले. माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. घाट ओलांडून आलेल्या वाऱ्याने पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांतही झाडे उन्मळून पाडली व घरांवरचे पत्रे उडविले. हानी फार झाली. परंतु वादळ समुद्रात जन्माला आले तेव्हापासून भारतीय हवामान विभागाची त्यावर नजर होती. ‘इन्सॅट’ उपग्रह त्याचे ढग पाहत होते आणि ‘स्कॅटसॅट-१’ त्याच्या वाऱ्याचा अंदाज देत होता. म्हणून कोळ्यांना दर्यावर न जाण्याची सूचना वेळेवर देता आली आणि किनाऱ्यावरील हजारो माणसांना आधीच सुरक्षित स्थळी हलविता आले. पूर्वीच्या काळी अशी वादळे न सांगता येत आणि कितीतरी होड्या गिळून जात.

सागराची उंचीही आकाशातून मोजता येते. घाटाच्या एका कड्यावर उभे राहून हाळी दिली, तर समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी येतो. कडा जितका दूर, तितका प्रतिध्वनी उशिरा. उपग्रहही खाली लहरींची हाळीच देतो. या लहरी प्रकाशाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर या वेगाने जातात. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी भारत व फ्रान्स यांनी मिळून ‘सरल’ नावाचा उपग्रह सोडला. तो सुमारे ८०० किलोमीटर उंचीवर होता. तेथून निघालेली लहर समुद्रावर आपटून परत येण्यास सेकंदाच्या दोनशेव्या भागाहून किंचित अधिक वेळ लागतो. इतका सूक्ष्म काळ अचूक मोजला, म्हणजे समुद्राची पातळी काही सेंटीमीटरांच्या अचूकतेने कळते. अशा उपग्रहांच्या नोंदींवरून असे दिसून आले आहे, की १९९३ नंतरच्या सुमारे तीस वर्षांत जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे १० सेंटीमीटरने वाढली. दहा सेंटीमीटर म्हणजे जेमतेम एक वीत नव्हे; परंतु सर्व पृथ्वीवरील सागर तेवढे वर चढणे ही साधी गोष्ट नाही. मुंबईसारखी शहरे आणि कोकणातील खाजणांची शेती समुद्राच्या अगदी काठावर आहे.

आता या सर्वांहून अद्भुत अशा प्रदेशाकडे वळू. पृथ्वीच्या उत्तर आणि दक्षिण टोकांजवळ समुद्रच गोठतो. समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे ते शून्य अंशावर न गोठता उणे १.८ अंशाच्या सुमारास गोठते. प्रथम पाण्यावर बर्फाच्या बारीक सुयांची साय धरते. लाटांच्या हेलकाव्यांनी तिच्या गोल चकत्या बनतात. दुरून पाहिल्यास पाण्यावर कोणी आंबोळ्या पसरल्या आहेत, असे वाटावे! मग त्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि विस्तीर्ण पांढरे पठार तयार होते. हाच ‘समुद्रबर्फ’. हिमनग मात्र वेगळा. जमिनीवर हजारो वर्षे साचलेल्या बर्फाचा कडा तुटून समुद्रात पडतो, तो हिमनग. हिमनगाचे पाणी गोडे असते. समुद्रबर्फ समुद्राच्याच पाण्याचा बनलेला असतो. तो गोठताना आपल्यातील पुष्कळसे मीठ खाली टाकतो. त्यामुळे खालचे पाणी जड होऊन तळाकडे जाते आणि महासागरांतील खोल प्रवाहांना गती मिळते.

दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रबर्फाचा विस्तार ही निसर्गातील एक महान घडामोड आहे. तेथील उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत, तो साधारणपणे ३० लक्ष चौरस किलोमीटर असतो. सप्टेंबरपर्यंत वाढत वाढत तो १८० लक्ष चौरस किलोमीटरांच्या पुढे जातो. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लक्ष चौरस किलोमीटर आहे. म्हणजे दर वर्षी चार-साडेचार भारत मावतील एवढा समुद्र नव्याने गोठतो आणि पुन्हा वितळतो. जणू पृथ्वीचा श्वासोच्छ्वासच तो!

तेथे हिवाळ्यात अनेक महिने सूर्य उगवत नाही. मग हा बर्फ पाहावा कसा? येथे सूक्ष्मलहरी उपयोगी पडतात. प्रत्येक वस्तूतून थोड्याफार सूक्ष्मलहरी आपोआप बाहेर पडत असतात. गंमत अशी, की बर्फ पाण्याहून थंड असूनही त्यातून त्या अधिक प्रमाणात बाहेर पडतात. त्यामुळे यंत्राला काळोखातही बर्फ उजळ आणि पाणी मंद दिसते. १९७८ च्या अखेरीपासून निरनिराळ्या उपग्रहांनी दोन्ही ध्रुवांवरील समुद्रबर्फाची अशी नोंद अखंड चालविली आहे. ओशनसॅट-१ वरील यंत्रानेही अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ पाहिला होता.

या नोंदवहीने जगाला एक गंभीर वार्ता सांगितली आहे. उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्रबर्फ सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी असतो. १९८० साली त्या वेळी तो सुमारे ७५ लक्ष चौरस किलोमीटर उरला होता. २०१२ साली तो केवळ ३४ लक्ष चौरस किलोमीटर उरला. म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून किंचित अधिक. त्यानंतरच्या वर्षांत तो कमीअधिक झाला. परंतु १९८० च्या सुमाराचा विस्तार पुन्हा आलेला नाही. दक्षिणेकडचा बर्फ बरीच वर्षे टिकून होता. तोही फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे १८ लक्ष चौरस किलोमीटरांपर्यंत घटला. त्या वेळेपर्यंतच्या उपग्रह-नोंदींत इतका कमी बर्फ कधीच आढळला नव्हता.

बर्फ वितळला, तर बिघडले काय? पेल्यातील पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला, तरी पेला ओसंडत नाही. त्याचप्रमाणे तरंगता समुद्रबर्फ वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रात आला, की ती वाढते. परंतु समुद्रबर्फाचे काम निराळे आहे. उन्हात पांढरे कापड कमी तापते आणि काळे अधिक तापते, हा नित्याचा अनुभव आहे. हिमाच्छादित बर्फ सूर्याचा बहुतेक प्रकाश परत फेकतो. उघडा समुद्र मात्र तो जवळजवळ सर्व शोषून घेतो. बर्फ घटला, की काळे पाणी उघडे पडते. पाणी तापले, की आणखी बर्फ वितळतो. एक टाका उसवला, की सारी शिवण उसवत जावी, तसे हे होते. पृथ्वीवरील उष्णतेचा तोल त्यामुळे ढळतो आणि त्याचे परिणाम दूरदूरच्या वाऱ्यांवर होतात. ध्रुवाजवळील बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांच्या संबंधाचा अभ्यास भारतीय शास्त्रज्ञ आज करीत आहेत.

भारताला या हिमप्रदेशाची ओळख नवी नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. आज तेथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली दोन संशोधन केंद्रे आहेत. त्यांचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. दर वर्षी अन्नधान्य, इंधन आणि माणसे घेऊन जहाज तेथे जाते, तेव्हा बर्फात वाट कोठे मोकळी आहे, हे उपग्रहांच्या चित्रांवरून पाहिले जाते. बर्फात अडकलेले जहाज म्हणजे प्राणांशी गाठ. तेथे उपग्रहाचे चित्र वाटाड्याचे काम करते.

असे असले, तरी उपग्रह सर्वज्ञ आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. त्याला समुद्राची केवळ त्वचा दिसते. खोलात काय चालले आहे, ते दिसत नाही. त्यासाठी ‘आर्गो’ नावाचे सुमारे चार हजार तरंगते मापक जगभरच्या सागरांत सोडले आहेत. ते दोन हजार मीटर खोल बुडी मारून वर येतात व तेथील तापमान आणि क्षारता कळवितात. समुद्रबर्फाचा विस्तार सांगणाऱ्या पुष्कळशा यंत्रांची दृष्टीही स्थूल असते. सुमारे २५ किलोमीटर लांबरुंद अशी एकेक चौकट त्यांना एका ठिपक्यासारखी दिसते. तेवढ्या चौकटीत नांदे गाव आणि पुणे शहराचा बराचसा भाग एकत्र मावेल! शिवाय उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली, की यंत्राला तो बर्फ नसून उघडे पाणीच आहे, असा भास होतो. म्हणून शास्त्रज्ञ थंडीवाऱ्यात बर्फावर उतरतात, त्याला भोक पाडून जाडी मोजतात आणि आकाशातील आकडा जमिनीवरील आकड्याशी ताडून पाहतात. या पडताळ्यावाचून आकड्याला किंमत नाही.

यंत्रेही अमर नसतात. ओशनसॅट-२ वरील वारा मोजणारे यंत्र २०१४ साली बंद पडले. त्याची जागा घेणारा स्कॅटसॅट-१ आकाशात जाईपर्यंत २०१६ साल उजाडले. नोंदवहीची काही पाने कोरी राहिली, तर बदल खरा कोणता आणि भास कोणता, हे ठरविणे कठीण होते. म्हणून जुना उपग्रह थकण्यापूर्वी नवा तयार ठेवावा लागतो आणि राष्ट्रे एकमेकांच्या नोंदी वाटून घेतात. ३० जुलै २०२५ रोजी भारत व अमेरिका यांनी मिळून तयार केलेला ‘निसार’ उपग्रह श्रीहरिकोटा येथून आकाशात गेला. जमीन आणि बर्फ यांत होणारे सूक्ष्म बदल दर बारा दिवसांनी टिपावेत, अशी त्याची योजना आहे.

आकाशातून आलेले हे आकडे अखेर उतरतात ते माणसांच्या कामी. नांदे गावापासून थोड्याच अंतरावर, पुण्यातील पाषाण येथे, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेत २०२४ पासून ‘अर्क’ नावाचा महासंगणक काम करू लागला. सागराची उष्णता, वारे आणि आर्द्रता यांच्या नोंदी अशा संगणकांत घालून पावसाचे अंदाज बांधले जातात. दूरच्या प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले, तर त्याला ‘एल निनो’ म्हणतात. अशा वर्षी आपल्याकडे पाऊस रुसण्याचा संभव वाढतो. २००९ आणि २०१५ ही तशीच वर्षे होती. ते पाणी तापू लागल्याची वार्ता उपग्रह कित्येक आठवडे आधी देतात. बियाणे केव्हा पेरावे, धरणातील पाणी किती जपावे, याचा विचार मग वेळेवर करता येतो.

सागराला आपल्या पूर्वजांनी रत्नाकर म्हटले. त्याच्या पोटातील रत्ने मनुष्याने पुष्कळ काळ शोधली. आज त्याच्या पृष्ठभागावरील रंग, तरंग आणि हिम ही त्याहून मोलाची रत्ने ठरली आहेत. कारण त्यांत उद्याच्या पावसाची आणि वादळाची बातमी दडलेली असते. उपग्रह ती बातमी सांगतो. पण तो बर्फ राखू शकत नाही आणि समुद्र थंड करू शकत नाही. पहारेकऱ्याने हाक द्यावी. घर सांभाळणे हे घरात राहणाऱ्यांचे काम होय. कोळसा व तेल जाळून वातावरण तापविणारा मनुष्यच आहे आणि ते आवरण्याचे सामर्थ्यही त्याच्याच अंगी आहे.

कठीण शब्दांचे अर्थ

अगत्याचे – आवश्यक.
राब – भाताची रोपे वाढविण्यासाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली जमीन.
अडसर – अडथळा.
अन्नछत्र – सर्वांना अन्न मिळण्याचे ठिकाण.
हाळी – दूरच्या माणसाला मोठ्याने मारलेली हाक.
खाजण – खाडीकाठची खारट जमीन.
क्षारता – खारटपणा.
वाटाड्या – वाट दाखविणारा.
पडताळा – खरेखोटे तपासून पाहणे.

स्वाध्याय

१. नांदे गाव समुद्रापासून दूर असूनही तेथील शेतकऱ्याचा समुद्राशी कसा संबंध येतो?
२. जहाजातून केलेली पाहणी आणि उपग्रहातून केलेली पाहणी यांत कोणता फरक आहे?
३. दूरसंवेदन म्हणजे काय? पाठातील उदाहरणांखेरीज रोजच्या व्यवहारातील दोन उदाहरणे द्या.
४. कारणे लिहा :
(अ) पावसाळ्यात रंगमापक कॅमेरा समुद्र पाहू शकत नाही.
(आ) ध्रुवावरील काळोखातही उपग्रहाला समुद्रबर्फ ओळखता येतो.
(इ) शास्त्रज्ञ उपग्रहाचा आकडा प्रत्यक्ष बर्फावर जाऊन ताडून पाहतात.
५. समुद्रबर्फ आणि हिमनग यांतील भेद सांगा.
६. ‘पहारेकऱ्याने हाक द्यावी, घर सांभाळणे हे घरात राहणाऱ्यांचे काम होय.’ या वाक्याचा आशय आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
७. पुढील शब्दांचे विग्रह करून समास ओळखा : सागरदर्शन, थंडीवारा, अन्नधान्य, महासागर.
८. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : डोळे लागणे, ठाव घेणे, तोल ढळणे, नजर ठेवणे.
९. उपक्रम : दोन सारखे पेले घेऊन एकाभोवती पांढरे व दुसऱ्याभोवती काळे कापड गुंडाळा. दोन्हींत सारखेच पाणी भरून ते तासभर उन्हात ठेवा. कोणत्या पेल्यातील पाणी अधिक तापले, ते वहीत नोंदवा आणि समुद्रबर्फाशी त्याचा संबंध लिहा.